एकविसाव्या पानावरची चंद्रकोर

पुस्तक हातात घेतलं की तो आधी एकविसावं पान उघडायचा. मुखपृष्ठ बघायचा नाही, मागचा मजकूर वाचायचा नाही. एकविसावं पान उघडून खालच्या कोपऱ्याकडे क्षणभर बघायचा आणि एक तर पुस्तक परत कपाटात ठेवायचा, नाही तर काउंटरवर माझ्यासमोर आणून ठेवायचा.

"हे नेतो."

"एकच?"

"एक पुरे. हळू वाचतो मी."

मी वहीत नंबर लिहायचे आणि तो पायरी उतरेपर्यंत मान वर करायचे नाही. केली असती तर चेहऱ्यावर सगळं दिसलं असतं. मागच्या खुर्चीतून गजामामाचा आवाज यायचाच, "गेला का तुझा ड्यूक?"

चौऱ्याऐंशी साल होतं. गजामामाची सर्क्युलेटिंग लायब्ररी देवळाली कॅम्पात होती. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि पुस्तकांवरचे नंबर त्याला दिसेनात, म्हणून जूनमध्ये मी नाशिकहून काउंटरवर बसायला आले. मामाला दिसत नव्हतं, पण ऐकू मात्र नको तेवढं येत होतं. मी सत्तावीस वर्षांची होते. अकरा वेळा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले होते, आणि आईचे उसासे ऐकण्यापेक्षा पुस्तकांवरची धूळ झटकणं मला केव्हाही परवडलं असतं.

कॅम्पातल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या बदल्या व्हायच्या तेव्हा त्यांच्या बायका पेट्याच्या पेट्या इंग्रजी कादंबऱ्या टाकून जात. त्यातल्या निम्म्या तरी एकाच जातीच्या. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, ड्यूक आणि अर्ल, मस्लीनचे झगे, घोडागाड्या, आणि लग्नाच्या मुली घेऊन लंडनला उतरलेल्या आया. लोक त्यांना हसत. मला मात्र त्यांतलं सगळं घरातलं वाटायचं. तिकडे मुलीने पियानो वाजवून दाखवायचा, इकडे मी पेटीवर भूप वाजवून दाखवला होता. तिकडेही मुलगा शेवटी 'कळवतो' म्हणूनच जायचा. फरक एवढाच की तिकडे तो तीनशेव्या पानाच्या आत परत यायचा.

या पुस्तकांची एक अडचण होती. सगळी मुखपृष्ठं सारखीच. गळ्याला फडकं गुंडाळलेला तो, मान मागे टाकलेली ती. कुठलं वाचलंय आणि कुठलं नाही, हे दोन प्रकरणं वाचल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून प्रत्येक बाई आपापली खूण करून ठेवायची. दारूवाला आजी पन्नासाव्या पानाच्या आकड्याभोवती गोल काढायच्या. कर्नलीणबाई शेवटच्या पानावर बरोबरची खूण करायच्या. कुणाचा ठिपका, कुणाचं फूल. मामा चिडायचा, पण मला त्या खुणा पाठ होत्या. पुस्तक चाळलं की कोण कोण वाचून गेलंय ते सांगता यायचं मला.

एकविसाव्या पानावरची खूण म्हणजे पेन्सिलीने काढलेली बारीकशी चंद्रकोर. ती कुणाची हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या येण्याआधीची कुणीतरी असणार. जुन्या वह्या मामा दर पाडव्याला रद्दीत घालायचा, त्यामुळे तिथेही शोधायची सोय नव्हती.

तो म्हणजे अच्युत दाबके. लष्कराच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांवर शाईचे डाग, आणि बोलायचा तर शब्द मोजून. आणि असा माणूस दर शनिवारी साडेपाचला येऊन ड्यूकांच्या प्रेमकथा न्यायचा. तो मला 'मॅडम' म्हणायचा नाही, नावानेही हाक मारायचा नाही. नुसतं "अहो" म्हणायचा. त्या "अहो"वर मी किती इमले बांधले, ते आज सांगायलाही लाज वाटते.

त्याने नाकारलेली पुस्तकं एकदा मी सहज चाळली. एकाही पुस्तकात चंद्रकोर नव्हती. मग त्याने परत केलेली चाळली. प्रत्येकात होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे तो पुस्तकं निवडत नव्हताच. तो एका बाईच्या मागे मागे चालला होता, तिने जिथे जिथे पेन्सिल टेकवली तिथे तिथे. आणि मी, काउंटरवर बसलेली, वीस वीस पानं त्याच्याशी काय बोलायचं याची मनात तयारी करणारी, मी म्हणजे नंबर लिहून घेणारी बाई!

त्या चंद्रकोरवालीला मी शोधायला लागले. कॉन्व्हेंट शाळेतली मिस टिळेकर अच्युतशी कपाटापाशी उभी राहून इंग्रजीत बोलायची आणि बोलताना पदर सारखा करायची. तीच असणार. तिने मागितलेलं पुस्तक मी तीन आठवडे काउंटरखाली दडवून ठेवलं आणि "बाहेर गेलंय हो" म्हणत राहिले. चौथ्या आठवड्यात तिने दुसरं एक पुस्तक परत केलं. त्यात कडेला भलीमोठी फुली होती. ती चंद्रकोरवाली नव्हतीच. म्हणून काही माझा राग कमी झाला नाही. उलट आता तिला चेहराच उरला नाही, आणि बिनचेहऱ्याची बाई फार सुंदर असते.

तिची पुस्तकंही मी वाचून काढली. सगळ्यांची गोष्ट एकच. आधी घरच्यांनी लावून दिलेलं लग्न, नवरा घुमा, बायको आतल्या आत झुरणारी. मग ती रुसून मावशीच्या गावी निघून जाते, आणि नवरा चिखलातून घोडागाडी हाकत तिला आणायला जातो. रडूबाई कुठली! मला अशा नायिका मुळीच आवडायच्या नाहीत. माझी लाडकी पाच पुस्तकं मी काउंटरखालच्या खणात माझ्यासाठी वेगळी ठेवली होती. त्यातल्या बायका वेगळ्या होत्या. एक ड्यूकला तोंडावर नकार देऊन स्वतःची शाळा काढते. एक त्याची पत्रं न उघडता परत पाठवते. एक तर दारात आलेल्या नवऱ्याला म्हणते, 'माझ्या मागे येणाऱ्याला माझं मन कळलेलंच नसतं.' ते वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं होतं.

सप्टेंबरातल्या एका दुपारी मामा जेवून आडवा झाला होता. मी खणातून ती पाच पुस्तकं काढली, पेन्सिलीला टोक केलं, आणि पाचही पुस्तकांत एकविसाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात चंद्रकोर काढली. मग ती एकेक करून कपाटात इतर पुस्तकांमध्ये सरकवली. त्याला तिच्याच खुणेवर जायचं होतं ना? मग जाऊ दे, पण माझ्या घरी!

पुढचे दोन महिने मी हवेत होते. तो एकेक पुस्तक नेत होता आणि पहिल्यांदाच परत आणून देताना काउंटरपाशी रेंगाळत होता.

"हिने त्याची पत्रं परत का पाठवली?" एका शनिवारी त्याने विचारलं.

"कारण पत्रात तो स्वतःविषयीच लिहीत होता. तिला काय वाटतं ते एकदाही विचारलं नाही त्यानं."

"हं." त्याने बराच वेळ पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "मला वाटलं होतं, तिला ती पत्रं आवडली असती. आतून."

"आवडायला ती काय परकर-पोलक्यातली मुलगी आहे? तिचं तिला जगता येतं."

"असं असतं होय," तो म्हणाला. "तुम्हाला बरं कळतं हो."

त्या रात्री मी आमटीत दोनदा मीठ घातलं. मामा म्हणाला, "ड्यूक बोलायला लागला वाटतं. आईला पत्र टाकू का?" मी त्याला गप्प बसवलं, पण आतून वाटत होतं, टाकच.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो शनिवार सोडून मंगळवारीच आला, दुपारी चारच्या सुमाराला. पाचवं पुस्तक काउंटरवर ठेवलं. हातात एक पाकीट होतं, पत्ता घातलेलं.

"अहो, पोस्टाची पेटी कितीला उघडतात?"

"सव्वाचारला. समोरच तर आहे." मी घड्याळ बघितलं. "अजून वीस मिनिटं आहेत."

तो गेला नाही. त्याने पुस्तक उघडलं, एकविसावं पान माझ्याकडे फिरवलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही खूण तुम्ही कधी पाहिलीय?"

"नाही," मी म्हटलं. फार लवकर म्हटलं.

"माझ्या बायकोची आहे."

मला नुसतं 'बायको' एवढंच ऐकू आलं. पुढचं काही वेळाने ऐकू यायला लागलं. तो तसाच उभा होता आणि मान खाली घालून बोलत होता. एवढं तो आजवर कधीच बोलला नव्हता.

"फेब्रुवारीत चाळीसगावला गेली, माहेरी. भांडण नाही झालं. झालं असतं तर बरं होतं. जाताना म्हणाली, या घरात दोन माणसं राहतात असं मला वाटतच नाही. मला बोलता येत नाही हो. दिवसभर नकाशे काढायचे, घरी येऊन जेवायचं. ती ही पुस्तकं वाचायची, पहिल्यांदा आणलं की आधी ही खूण करायची, एवढंच मला तिच्याबद्दल नक्की ठाऊक होतं. म्हटलं, ती काय वाचायची ते तरी बघू. तिला कसा नवरा हवा होता ते कळेल."

"मग? कळलं?"

"पहिल्या नऊ पुस्तकांत तो जातो. तिला आणायला. नऊच्या नऊ पुस्तकांत. मी सप्टेंबरातच भुसावळ पॅसेंजरने निघणार होतो. मग वाटलं, सगळी वाचून जावं, अर्धवट अभ्यासावर जाऊ नये." तो कसंनुसं हसला. "बरं झालं थांबलो. या शेवटच्या पाचांत तिला तो यायलाच नको असतो. तुम्हीच समजावून सांगितलंत ना? म्हणून लिहिलंय तिला. तुला हवं तिथे राहा, नोकरी कर, मी मागे लागणार नाही. कागदपत्रं काय करायची ती तुझ्या वडिलांनी सांगावी, मी सही करतो."

आता खरं सांगायला हरकत नाही. माझा मत्सर त्या क्षणी गेला नाही. तो दुप्पट झाला. ती बाई नऊ महिने इथे नव्हतीच, तरी त्याने तिच्यासाठी चौदा पुस्तकं वाचली होती. माझ्यासाठी कुणी पोस्टकार्ड लिहिण्याचे कष्ट घेतले नव्हते. आणि आता तो मोकळा होणार होता. मला काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

"तिकीट नीट चिकटलं नाहीये," मी म्हटलं, आणि खणातली डिंकाची बाटली काढून दिली.

त्याने तिकीट दाबून बसवलं, "थँक यू" म्हणाला आणि पायरी उतरला. रस्त्याने लष्करी ट्रकांचा ताफा चालला होता. तो अलीकडे थांबला, पाकीट छातीशी धरून. मी एक ट्रक मोजला, दुसरा मोजला. मागून मामाचा आवाज आला. तो जागाच होता.

"कुंदे, ती पाच पुस्तकं तुझ्या खणातली ना गं? दर उन्हाळ्यात सुट्टीला आलीस की मला वाचून दाखवायचीस ती?"

"हो."

"मग त्यात त्याच्या बायकोची खूण कुठून आली?"

उत्तर द्यायला थांबले असते तर शेवटचा ट्रक निघून गेला असता. चपला न घालताच मी रस्त्यावर आले.

"दाबके! थांबा! टाकू नका!"

तो वळला. ट्रकांच्या धुळीत मला खोकला आला आणि खोकतच मी बोलले. "त्या पाच खुणा तिच्या नाहीत. माझ्या आहेत."

"म्हणजे तुम्हीपण चंद्रकोरच काढता?"

"नाही हो! मी तिच्यासारखी काढली. तिनं ती पुस्तकं उघडलेलीसुद्धा नाहीत. ती माझी पुस्तकं आहेत, माझ्या आवडीची."

"पण का?"

"कारण तिच्या खुणेशिवाय तुम्ही एक पुस्तक उचलत नव्हता! ती कोण हे मला माहीत नव्हतं. मला नुसता तिचा राग यायचा. तुम्ही एकदा तरी मी वाचलेलं वाचावं असं वाटलं मला. एवढंच."

'एवढंच' नव्हतं, आणि ते त्याला कळलं. मितभाषी माणसं काही बहिरी नसतात. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. मला वाटलं, आता बोलेल काहीतरी, चार माणसांत माझी शोभा करेल. त्याने पाकिटाची घडी घातली आणि खिशात ठेवलं.

"पॅसेंजर सकाळी किती वाजता असते?" त्याने विचारलं.

"मला नाही माहीत," मी म्हटलं आणि रडायला लागले. तो स्टेशनच्या दिशेने चालायला लागला. पोस्टमन येऊन पेटी रिकामी करून गेला तरी मी अनवाणी तिथेच उभी होते.

बारा दिवसांनी तो आला. पायरीवरच थांबला.

"आणलीय," तो म्हणाला. "तिने विचारलं, नऊ महिने काय करत होतात? मी म्हटलं, वाचत होतो. ती हसायला लागली, हसता हसता रडली. म्हणाली, मला वाचणारा नवरा नको होता हो, येणारा हवा होता. आणखी पंधरा दिवस उशीर केला असता तर तिनं जळगावच्या शाळेत नोकरी धरली असती. मुलाखत देऊन आली होती."

"बरं झालं," मी म्हटलं.

"तुमचं नाव मी काढलं नाही. काढणारही नाही." मग जरा थांबून तो म्हणाला, "येतो, कुंदाताई."

अकरा जणांनी 'कळवतो' म्हटलं तेव्हा लागलं नव्हतं इतकं ते 'ताई' लागलं.

पुढच्या शनिवारी ती आली. सुनीती नाव तिचं. मी मनात उंच, गोरी, लांब मानेची कुणीतरी उभी केली होती. ही माझ्याहून बुटकी, जाड भिंगांचा चष्मा, आणि आल्या आल्या मामाला म्हणाली, "काका, मेथीचे लाडू आणलेत, डोळ्यांना उपयोग नाही पण जिभेला आहे." मामा लगेच विरघळला. मलाही ती आवडली, आणि त्याचा मला फार राग आला. अच्युत दारात स्कूटरला टेकून उभा होता.

ती कपाटापाशी गेली. चार पुस्तकं चाळून झाल्यावर तिच्या हाताला माझं एक लागलं, पत्रं परत पाठवणारीचं. मी ती पाचही आता कपाटात लावून टाकली होती. खणात ठेवण्यासारखं त्यांत काही उरलं नव्हतं. तिने एकविसावं पान उघडलं, चष्मा वर करून जवळून बघितलं.

"हे वाचलंय वाटतं मी," ती म्हणाली. "पण काही म्हणजे काही आठवत नाही बघा. कुंदाताई, कशावर आहे हो हे? तुम्ही वाचलंय?"

मी दाराकडे बघितलं. अच्युत माझ्याकडेच बघत होता. तो काही बोलणार नव्हता, त्याने शब्द दिला होता. एक वाक्य मी बोलायचं होतं. 'तुम्ही नाही वाचलेलं, न्या, छान आहे.' बस. तिला कसलाही संशय आला नसता. ते पुस्तक तिला फार आवडलंही असतं, हे मला तिच्याशी पाच मिनिटं बोलूनच कळलं होतं.

"तुमची खूण आहे ना?" मी म्हटलं. "मग वाचलंच असणार."

"असेल बाई," म्हणून तिने ते परत कपाटात ठेवलं. अच्युतने मान फिरवली आणि स्कूटर सुरू केली.

त्याची बदली होईपर्यंत सात वर्षं ती दर शनिवारी येत राहिली. मामाच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला दवाखान्यात ती माझ्याबरोबर बसली होती, आणि माझ्या लग्नात माझी वेणी तिनेच घातली. त्या पाच पुस्तकांपाशी आली की ती पान बघायची आणि पुढे सरकायची. एकदा खोडरबर फिरवला असता तरी पुरलं असतं, आणि खोडरबर माझ्या खणातच होता. नवरा मी तिला परत केला. ती पाच पुस्तकं नाही केली.